अकरा मिनिटांची टाळी

शाल्मली बर्दापूरकरची कीर्तनात टाळी लागली, आणि संगणकानं लिहून टाकलं की तिच्या टाळूला मार लागला.

घोटाळा काय तो एका वेलांटीचा आणि एका उकाराचा. पण पत्रावर वैमानिक वैद्यक मंडळाचा शिक्का होता, आणि शिक्का बसला की चूकसुद्धा भारदस्त दिसते. अंबाजोगाईच्या घरात ओट्याशी उभी राहून शाल्मली वाचत होती. ‘१४ डिसेंबर, सायंकाळी ७.४०. टाळूस आघात. त्यानंतर अकरा मिनिटे अवधान लुप्त. तात्पुरती अपात्र. सहा महिन्यांनी फेरतपासणी.’

आधी ती खो खो हसली. मग ‘अकरा मिनिटे’ हे शब्द तिनं पुन्हा वाचले आणि हसू जागच्या जागी थांबलं.

तिला वैमानिक व्हायचं होतं. नववीच्या सुट्टीत लातूरच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं उतरताना तिनं पाहिली होती. चाकं जमिनीला टेकण्याआधीचा तो एक क्षण तिला समेवर येण्यासारखा वाटला होता, आणि तेवढ्यावर सगळं ठरलं होतं. बारावी झाली, मांजरा उड्डाण विद्यालयात जागा मिळाली. तिथले प्रवेश बघणारे सोनटक्के सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “हे बघ, फी भरू नकोस, बॅग घेऊ नकोस, गावभर पेढे वाटू नकोस. आधी पहिल्या वर्गाचं वैद्यकीय प्रमाणपत्र हातात घे. डोळे, कान, हृदय ठणठणीत असलेली पोरं जागलेखात गळतात. आणि गावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालून ठेव. विमान हुकलं तर फिजिक्स तरी हुकायला नको.”

हा जागलेख, म्हणजे माणसाच्या जागेपणाची मोजणी, गेल्या सहा वर्षांतला. मोठ्या प्रवासी विमानांत आता एकच वैमानिक बसतो. शेजारच्या खुर्चीतलं काम यंत्र करतं. दोन माणसं होती तेव्हा एकाचं लक्ष उडालं तर दुसरा असायचा. एकाच माणसावर सगळं आलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला की ह्या एकाचं लक्ष खरोखर किती सलग असतं? शास्त्रज्ञांनी मोजलं आणि तेच चक्रावले. जागेपण नळाच्या धारेसारखं सलग नसतंच. डोळे उघडे, माणूस बोलतो-चालतो आहे, आणि मेंदूचा एखादा कोपरा मात्र अर्धा सेकंद चक्क झोपून घेतो. हे सगळ्यांचंच होतं. अर्ध्या सेकंदानं काही बिघडत नाही. पाच सेकंदांनी बिघडू शकतं.

म्हणून कानामागे एक पट्टी चिकटवायची, दहा दिवस. कपाळावरच्या टिकलीहून जाड नाही. दर पंधरा सेकंदांनी ती कातडीला मुंगी चालून गेल्याइतका हलका ठोका देते. आपल्याला तो जाणवतही नाही, पण मेंदू जागा असेल तर सेकंदाच्या तिसऱ्या भागात एक लहानशी लाट उठवतो. जणू म्हणतो, ‘कळलं.’ लाट उठली नाही तर त्या घडीला वरचा मजला रिकामा होता. सोबत एक वही द्यायची, आणि कुठल्या वेळी आपण काय करत होतो ते तिच्यात लिहायचं.

ते दहा दिवस नेमके योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या उत्सवाचे आले. शाल्मलीची आई म्हणजे ह.भ.प. अनघाताई बर्दापूरकर. उत्सवात त्यांची कीर्तनसेवा ठरलेली, आणि त्यांच्या मागे टाळ घेऊन झील धरायला शाल्मली, म्हणजे आईनं सोडलेली ओळ उचलून सुरात धरून ठेवायला. हे ती आठव्या वर्षापासून करत आली होती. त्या संध्याकाळी उत्तररंगात गजर असा चढला की तबल्यावरचे बशीरमामासुद्धा डोळे मिटून वाजवत होते. शाल्मलीनं घरी आल्यावर इमानेइतबारे वहीत लिहिलं, ‘७.४०, कीर्तन. टाळी लागली.’

त्यांच्या घरात हे ‘आज पाऊस झाला’ इतक्या सहज बोललं जायचं. गजरात माणूस स्वतःला विसरून गेला की टाळी लागली. मंडळाच्या संगणकाला मराठी येत होतं, पण ते पुस्तकातलं. टाळी हाताची असते आणि ती वाजते, लागत नाही. तेव्हा मुलीला घाईत ‘टाळूला लागलं’ असं लिहायचं असणार, असं ठरवून त्यानं शुद्धलेखन सुधारलं.

शाल्मलीनं सोनटक्के सरांना फोन लावला.

“सर, चूक झालीय. मला काहीच लागलेलं नाही.”

“थांब. हे वाक्य आणखी कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग बोलू नकोस.” सर खुर्चीत सावरून बसल्याचा आवाज आला. “पोरी, देवीनं वाचवलंय तुला. डोक्याला मार लागून अकरा मिनिटं भान गेलं, याला कारण आहे. सहा महिने थांबायचं, पुन्हा पट्टी लावायची, स्वच्छ निघाली की प्रमाणपत्र. आणि मार लागलाच नाही म्हणालीस, तर ती अकरा मिनिटं बिनकारणाची. बिनकारणाचा अवधानलोप म्हणजे कायमची अपात्र. दुसरा रकानाच नाही तिथे. आठ दिवसांत ‘मान्य’ म्हणून सही करून पाठव. आणि ते सहा महिने कीर्तनाच्या वाटेला जाऊ नकोस.”

“आणि सर, पुढे विमानात...”

“विमानात कोण गजर करतंय?” सर हसले. त्यांचा स्वभाव चांगला होता. त्यांना खरोखरच तिचं भलं हवं होतं.

अनघाताई संध्याकाळी परळीहून आल्या. बाबा तिथल्या वीजकेंद्रात पाळीवर असायचे, त्यांना डबा देऊन. पत्र त्यांनी उभ्यानंच वाचलं. मग शाल्मलीनं सरांचं सगळं बोलणं सांगितलं. आई म्हणाल्या, “लागलं म्हण.”

“काय?”

“टाळाची दोरी तुटली, टाळ उडाला, टाळूवर आदळला. मी समोर होते, मी लिहून देते.”

शाल्मली आईकडे बघतच राहिली. हीच बाई पूर्वरंगात सत्यावर पाऊण तास बोलायची आणि ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे टिपायच्या.

“आई, तू माझ्या मागं होतीस की मी तुझ्या मागं? तुला पाठीला डोळे आहेत का?”

“चेष्टा नको करूस शालू.” आईचा आवाज चिरकला. “आठ वर्षांची होतीस. शेजारच्या पोरी अंगणात खेळायच्या आणि मी तुझ्या हातात टाळ दिले. तुला विचारलं का मी? तुझं विमान माझ्या कीर्तनानं खाल्लं, हे मला जन्मभर ऐकायचं नाही. देवाला मी बघून घेईन. तो माझा आहे, समजून घेईल.”

“आणि मग कीर्तनात मी तुझ्या मागं कधी उभी राहायची?”

“राहायचंच नाही,” आई म्हणाल्या, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत निघून गेल्या.

पुढचे पाच दिवस शाल्मली कॉलेजात गेली, प्रयोगशाळेत भिंगं आणि दिवे मांडून बसली, पण मन तिथे नव्हतं. खरं-खोटं हा प्रश्न तिला आईइतका छळत नव्हता. तिला छळत होती भीती. वहीत लिहिलेली टाळी ती एकच. पण अशा कितीदा लागल्या असतील? दरवेळी परत आल्यावर कसं हलकं, स्वच्छ वाटायचं. त्याला ती प्रसाद समजत होती. आणि यंत्र म्हणत होतं, चव्वेचाळीस ठोके दिले, एकालाही उत्तर नाही. मागे दोनशे माणसं पट्टे बांधून बसलेली असताना असं झालं तर? सही करून प्रमाणपत्र मिळेल. पण ते खिशात घालून ती कुठल्या तोंडानं त्या खुर्चीत बसणार?

सहाव्या दिवशी तिनं ‘अमान्य’ लिहिलं. खाली दीड पान भरून टाळी लागणे म्हणजे काय ते मांडलं, आणि शेवटी, ‘हा दोष आहे की नाही हे मला स्वतःलाच जाणून घ्यायचे आहे.’ पाठवल्यावर आईला सांगितलं. आईनं तांदूळ निवडता निवडता ताट बाजूला सारलं, आणि दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या.

मंडळानं संभाजीनगरला बोलावलं. डॉ. जयंती हुंडेकरी हवाई दलातून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेले, आवाज धारदार. शाल्मलीचं दीड पान त्यांच्या टेबलावर होतं, आणि त्यावर लाल पेनानं कुठेही काही केलेलं नव्हतं.

“टाळी मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीची लागायची. फरक एवढाच की आजीच्या हातात विमान नव्हतं.”

शाल्मलीला हसावं की नाही कळेना.

“दोन गोष्टी असतात, बाळ. एक, दिवा विझतो. झोप, फेफरं, बेशुद्धी. दुसरी, दिवा इतका एका जागी रोखला जातो की बाकी खोलीत अंधार होतो. आमच्या पट्टीला दोन्ही सारखेच दिसतात, कारण ठोक्याला उत्तर दोन्हीत येत नाही. आणि दुसरा प्रकार निरुपद्रवी आहे असं समजू नकोस. एका काट्याकडे बघण्यात गुंगलेल्या वैमानिकाला डोक्यावर वाजणारी धोक्याची घंटा ऐकू येत नाही. कान ऐकतात, मेंदू घेत नाही. चांगले चांगले लोक असे गेलेत.” त्या थांबल्या. “तुझा दिवा विझतो की रोखला जातो, ते बघायचं तर टाळी माझ्यासमोर लागायला हवी. आईंना आणशील?”

परतीच्या एसटीत शाल्मलीला वाटत होतं, आई नाहीच म्हणणार. आईनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, “नैवेद्य तिथे दाखवता येईल का?”

पुढच्या गुरुवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात गालिचा अंथरला. वर पांढरेफेक दिवे, भिंतीवर हृदयाचे नकाशे, श्रोते म्हणून डॉक्टरबाई आणि पडद्याशी बसलेले दोन तंत्रज्ञ. बशीरमामांनी तबला लावताना हळूच म्हटलं, “ताई, इथं तर देव पण ओळखपत्र दाखवून आत येईल.” शाल्मलीच्या कानामागे पट्टी लागली.

अनघाताई उभ्या राहिल्या. नमन झालं, पद झालं, एका नावाड्याचं आख्यान सुरू झालं. सगळं बिनचूक होतं, आणि सगळं कोरडं. शाल्मली टाळ वाजवत होती आणि स्वतःलाच बघत होती. आता लागेल, आता लागेल. दाराशी उभं राहून पाहुण्याची वाट बघावी तसं. वीस मिनिटं गेली. पडद्यावर प्रत्येक ठोक्याला लाट उठत होती.

अनघाताई मध्येच थांबल्या. चिपळ्या खाली ठेवल्या.

“डॉक्टरबाई, मला एक सांगायचंय. त्याशिवाय माझ्या तोंडातून देवाचं नाव येईना.”

“आई,” शाल्मली पुटपुटली.

“हिला मी खोटं बोलायला सांगितलं होतं. टाळ डोक्यात पडला म्हण म्हटलं. लिहून देणार होते मी, सहीनिशी. लेकरू खरं बोललं तर मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. आणि आता इथे उभी राहून मी देवाच्या गोष्टी सांगतेय.” त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. “मला वाटलं, माझ्यामुळं हिचं नुकसान होतंय. खरं सांगू? मला भीती वाटत होती ती ही विमानात बसून लांब जाईल आणि मागं कुणी राहणार नाही, याची. आणि ती जाणार नाही, याचीही. दोन्ही एकदमच.”

एका तंत्रज्ञानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

“गुन्हा असेल तर लिहा,” अनघाताई म्हणाल्या. “बशीरभाई, घ्या.”

मामांनी ठेका धरला. अनघाताईंचा आवाज अजून ओला होता, पहिल्या स्वरावर तर तो फाटलाच. पण त्या फटीतून नाव जे निघालं ते सरळ, कुठलीही सजावट न करता. शाल्मलीनं ओळ उचलली. आईच्या मानेवरची वेणीतून सुटलेली बट तिला दिसली, आणि

टाळ थांबले तेव्हा सभागृहात सगळे तिच्याकडे बघत होते. बशीरमामांच्या कपाळावर घाम होता. आई खाली बसलेल्या होत्या.

“किती वेळ?” शाल्मलीनं विचारलं.

“नऊ मिनिटं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ये इकडे.”

पडद्यावर एक रेघ होती, ओढ्याच्या पाण्यासारखी शांत. छत्तीस ठोके, एकही लाट नाही. तिनं मान खाली घातली.

“ही वरची रेघ. आता खालची बघ. ही तुझ्या टाळांची. तुला न सांगता मी बशीरजींना सांगून ठेवलं होतं की तीन वेळा मात्रा गिळायची.”

“जिंदगीत पहिल्यांदा मुद्दाम चुकलो,” मामा हात जोडून म्हणाले. “माफ कर बेटा.”

“पहिल्या वेळी ठेका ढळला, आणि पाव सेकंदात तुझ्या टाळानं त्याला धरून समेवर आणला. दुसऱ्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळी आईंचीच ओळ चुकली, ते आमच्या योजनेत नव्हतं. ती ओळ तू दिलीस. तुला आठवतंय?”

“नाही.”

“नसणारच. तू तिथे नव्हतीस. पण जागं कुणीतरी होतं, आणि ते आमच्या या तंत्रज्ञांपेक्षा जास्त जागं होतं. दिवा विझत नाही तुझा.” आई हसायला लागल्या होत्या, रडत रडत. डॉक्टरबाईंनी बोट वर केलं. “थांबा. शेवटी मी विमानातली घंटा वाजवली. आगीची. कान बधिर होतील अशी. आईंनी दचकून गाणं थांबवलं, बशीरजींचा हात थांबला. तू एकटी पुढे बावीस सेकंद वाजवत होतीस.”

शाल्मलीनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. खरं होतं.

“गाण्यातलं चुकलं ते ऐकलंस. गाण्याबाहेरचं नाही ऐकलंस,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कायमची अपात्र मी लिहिणार नाही. पण एकटीला दोनशे माणसं देणारही नाही. प्रमाणपत्र मिळेल, एका अटीवर. शेजारी दुसरा माणूस बसलेला असेल तेवढ्याच विमानात. दर वर्षी तपासणी.”

“अशी विमानं राहिलीत कुठे?” शाल्मलीनं विचारलं.

“थोडी आहेत. रुग्णांना नेणारी, जंगलातल्या छोट्या धावपट्ट्यांवर उतरणारी. तिथे अजून यंत्रावर कुणी विश्वास टाकत नाही. नाव होणार नाही, फोटो येणार नाहीत.”

सोनटक्के सरांना तिनं बाहेरच्या कट्ट्यावरूनच फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्याकडे एकट्याचंच शिक्षण आहे गं. ही अट असली की मला जागा ठेवता येत नाही.” आणि थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, “गोंदियाकडे एक लहान शाळा आहे. दोघांना एकत्र शिकवतात, पहिल्या दिवसापासून जोडीनं. पण त्यांना फिजिक्सची पदवी लागते. अडीच वर्षं आहेत तुझ्यापाशी. पत्ता पाठवतो.”

शाल्मलीनं बी.एस्सी.तून नाव काढून घेतलं नाही. वर्गात ती पुढच्या बाकावर बसायला लागली. आणि निघताना डॉक्टरबाईंकडून ती आगीची घंटा फोनमध्ये भरून घ्यायला विसरली नव्हती.

रविवारी सकाळी देवघरासमोर तिघं बसायची. बशीरमामांच्या मांडीशी फोन. मनात येईल तेव्हा घंटा वाजवायची, असं ठरलं होतं. पहिल्या महिन्यात शाल्मलीला टाळीच लागेना, घंटेची वाट बघण्यातच गजर संपायचा. दुसऱ्या महिन्यात टाळी लागायची आणि घंटा ऐकू यायची नाही. मामा म्हणायचे, “शेजारचे तीनदा विचारून गेले, आग कुठे लागली म्हणून. आता खरी लागली तरी कुणी येणार नाही.”

चैत्रातल्या एका रविवारी अनघाताईंचा आवाज कुठल्या कुठे पोचला होता. गजर असा रंगला की मामांना घंटेची आठवणही राहिली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी अपराध्यासारखा हात पुढे केला.

घंटा कडाडली. शाल्मलीचा टाळ मात्रेच्या मध्यावर, हवेत, थांबला. तिचे डोळे उघडे होते.

“आग,” ती म्हणाली. “ऐकलं.”

मामांनी घंटा बंद केली. ते हसत होते, हाताच्या पाठीनं डोळे पुसत होते. “ताई, बघितलं? एका सेकंदात!”

अनघाताई मात्र चिपळ्या धरून तशाच बसल्या होत्या, समेवर येता येता कुणी हात धरून ओढावं तशा. “बघितलं,” त्या म्हणाल्या, आणि मग राहवेना म्हणून, “पण काय रंगला होता गं! लागली होती का तुझी?”

“लागली होती.”

“मग सोडून कशी आलीस?”

शाल्मलीनं जरा विचार केला. हातातला टाळ अजून गुणगुणत होता; तिनं तो गालाला लावून शांत केला.

“कुणीतरी बोलावलं, म्हणून आले.”

अनघाताईंनी लेकीकडे बघितलं. मग पदर सावरला आणि चिपळ्या उचलल्या.

“घ्या बशीरभाई. जिथं तुटलं तिथून.”